दोनदा म्हटलेलं ‘मोकळं’

ड्रोन उडवायला शिकताना दोघं लागतात. एक उडवणारा, एक बघणारा. उडवणाऱ्याच्या हातात रिमोट असतो, त्याची नजर कधी यंत्रावर तर कधी समोरच्या पडद्यावर, म्हणून शेताच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक माणूस उभा करतात. त्यानं फक्त बघायचं. तारा, खांब, झाडं, पाखरं, मधेच आलेलं एखादं माणूस. वाट साफ असेल तर वॉकीटॉकीवर ‘मोकळं’ म्हणायचं, नसेल तर ‘थांब’. आमच्या विभागात कागदावर या माणसाला निरीक्षक म्हणत आणि वर्गात बघ्या. तिसऱ्या सत्रात मी बघ्या झालो, तेव्हा मला उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं.

डोळा दुकानात गेला. जालन्यात माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे, वीस-बावीस वर्षांपासून. एकदा घाईघाईत दाब न सोडताच पंपाची नळी उघडली आणि नोझलचा पितळी तुकडा उडून डोळ्यावर बसला. डोळा वाचला, नजर गेली. अगदी अंधार नाही; ओल्या काचेपलीकडचा उजेड दिसावा तसं दिसतं. एका डोळ्यानं जवळच्या वस्तूचं अंतर नेमकं कळत नाही, पण हळूहळू सवय झाली. रस्ता ओलांडताना मान जास्त वळवायची, कोणी उजवीकडून बोललं की आधी हसायचं आणि मग वळायचं. गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही. मला ते कळू नये असंच वाटायचं, त्यात कोणाचं काही नुकसानही नव्हतं.

मग फवारणीला ड्रोन येऊ लागले. दुकानात येणारे पंप कमी झाले. बायको एक दिवस म्हणाली, “दिवसभर बसून चहा पिऊन राह्यले. त्यापरीस जा, शिका ते. वर्गात सगळ्यात म्हातारे दिसताल, तर दिसा.” मी बारावी सायन्स करून पदवीच्या पहिल्या वर्षातून बाहेर पडलो होतो, ती खंत घरात सगळ्यांना माहीत होती. विद्यापीठाच्या ड्रोनच्या पदवीला वयाची अट नव्हती. तीन वर्षं, त्यात वर्गातली शिकवणी, यंत्राची दुरुस्ती आणि प्रत्यक्ष उड्डाण. मी अर्ज भरला. दुकान सकाळी भाच्याकडे दिलं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी वही घेऊन पुन्हा बाकावर बसलो.

प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय तपासणी होती. एका रिकाम्या वर्गात डॉक्टर बसले होते, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. रांगेत माझ्यापुढं एक मुलगी होती, काळ्या ओढणीतली, हातात प्लॅस्टिकची फाईल. तिनं एकेक ओळ खणखणीत वाचली. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या. मी मागं उभा राहून डाव्या डोळ्यानं तक्ता बघत तिचा आवाज ऐकत गेलो, आणि माझी पाळी येईपर्यंत सगळा तक्ता माझा पाठ झाला होता. डावा डोळा झाकायला सांगितलं तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून पाठ म्हटलं. डॉक्टर म्हणाले, “छान.” फॉर्मवर शिक्का बसला.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, “डोळ्याचं सांगितलं का त्यांना?”

“विचारलंच न्हाई त्यांनी.”

“असं कसं विचारलं न्हाई?”

“आता न्हाई विचारलं तर मी काय करू?”

रांगेतली ती मुलगी तीर्थपुरीची. वडील शिंपी, बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. घरी उर्दू, शाळा मराठी. जालन्यात ती खालाकडं, म्हणजे मावशीकडं राहायची आणि वर्गात सगळ्यात पुढं बसायची. पहिलं वर्ष वर्गातच गेलं, त्याला वडिलांची हरकत नव्हती. दुसऱ्या वर्षी मैदानी सराव सुरू होणार, म्हणजे जीपमधून पोरांबरोबर गावोगावच्या शेतांत जायचं, तेव्हा ते कॉलेजात आले. गळ्यात मोजमापाची टेप तशीच, काढायची राहून गेलेली. उड्डाण शिकवणाऱ्या सरांशी बोलून झाल्यावर बाहेरच्या पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं.

“भाऊ, तुम्ही शिकवता का हितं?”

“न्हाई मास्तर, मी शिकतो.”

ते माझ्या पिकलेल्या केसांकडं बघून हसले. मग गाव विचारलं, दुकान विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं. शेवटी म्हणाले, “पोरगी म्हणते काकांसंगं जोडी दिली सरांनी. तुम्ही संगं असल तर मला बिलकुल फिकीर न्हाई. दुसरं कुणी असतं तर मी न्हाई म्हणणार होतो, खरं सांगतो.”

मी म्हणालो, “माझीच पोर समजा.” तेव्हा ते मनापासूनच म्हटलं होतं.

वर्गानं आमचं नाव पाडलं, चाचा-भतीजी एअरलाईन. आम्ही जीपमधून उतरलो की कोणीतरी तोंडानं विमानाचा आवाज काढायचं आणि म्हणायचं, “प्रवाशांनी पट्टे बांधून घ्या, चाचा बघून राह्यले.” ती उलटून म्हणायची, “तुझं विमान तर अजून शेडातूनच निघालं न्हाई.” ती हुशार उडवायची. तिचा हात हलका होता, रिमोटच्या दांड्या ती बोटांच्या टोकांनी हलवायची, सुईत दोरा ओवावा तशी. मी उडवायला घेतलं की पडद्यावर बघून निभावून न्यायचो, आणि बघ्या म्हणून उभा राहिलो की कानावर.

आयुष्यभर मोटारी आणि पंप ऐकलेला माणूस मी. आवाज चढला म्हणजे यंत्र जोर लावतंय, पातळ झाला म्हणजे लांब जातंय, थरथरला म्हणजे वारा आडवा आलाय, हे मला न बघता कळायचं. एकदा जमिनीवरून यंत्र उठलं आणि मी म्हणालो, “खाली घे, एक पंखा कुठंतरी चिरलाय.” खाली घेतलं तर खरंच एका पंख्याच्या कडेला नखाएवढी चीर होती. सर सगळ्यांना म्हणाले, “काकांचे कान घ्या उसने.” तेव्हापासून मला चढली. डोळ्याचं काम कान करतोय, मग डोळ्याचं कुणाला सांगायची गरज काय, असं मी स्वतःला बजावत राहिलो. ड्रोन माझ्या उजवीकडं गेला की मला दिसायचा नाही, मी मान वळवायचो, आणि मान वळवायचा कंटाळा आला की नुसतं ऐकून ‘मोकळं’ म्हणायचो. ते दर वेळी बरोबर ठरलं.

उड्डाणापूर्वी बघ्यानं शेताला चक्कर मारून अडथळ्यांचा कागद भरायचा असतो. ते काम माझं. पण ती नेहमी बरोबर यायची. “चला काका, मीबी येते, जीपमध्ये बसून काय करू.” चालताना बोट दाखवायची, “त्या खांबाची ताणाची तार लिहिली का? आणि ती बाभळ, तिची फांदी आत आली हाय.” मी लिहायचो. शिकायची हौस आहे पोरीला, असं मला वाटायचं.

सराव झाला की बांधावर बसून आम्ही चहा प्यायचो. थर्मास माझा, घरून भरून आणलेला. मी ओतायला लागलो की ती आपला कप थेट थर्मासच्या तोंडाला टेकवून धरायची, दोन्ही हातांनी. मोठ्या माणसाकडून घ्यायची त्यांच्या घरची रीत असेल, असं मी समजत होतो.

हुरड्याचे दिवस होते. मंठ्याच्या अलीकडं एका गावात ज्वारीच्या शेतावर सराव ठरला होता. यंत्राच्या टाकीत नुसतं पाणी भरून, कणसांच्या वर ठराविक उंचीवर ठेवून, शेताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टे मारायचे. तिचा त्या सत्रातला महत्त्वाचा सराव तो. तो झाला की पुढच्या आठवड्यात तिला एकटीनं उड्डाण करायला मिळणार होतं. त्या दिवशी तिचे वडील आले होते. मोटारसायकलवरून, हातात जेवणाचा डबा. पोरगी एवढं काय उडवते ते एकदा बघायचं म्हणून दुकान बंद ठेवून आलेले. सर त्यांना म्हणाले, “या मास्तर, तिच्याजवळच उभे राहा, काही हात लावू नका फक्त.”

ती मला म्हणाली, “काका, आज चक्कर तुम्हीच मारून या ना. अब्बा आलेत एवढ्या लांबून, त्यांना रिमोट दाखवते.”

मी एकटा निघालो. ज्वारी छातीच्या वर होती. शेत माझ्या उजव्या हाताला आणि बांध डाव्या. पूर्वेच्या कोपऱ्याजवळ मला बारीक भुणभुण ऐकू आली. पलीकडच्या विहिरीवर मोटर चालू असेल, असं मी ठरवलं. ठरवलं असंच म्हणायला हवं, कारण मी थांबलो नाही, वळलो नाही. कागदावर लिहिलं: पूर्वेला विजेचा एक खांब, बाकी काही नाही. खाली सही केली.

ती भुणभुण विहिरीवरची नव्हती. पाखरं हाकलायला शेतकऱ्यानं कोपऱ्यात बांबू रोवून त्यांच्यामध्ये जुन्या कॅसेटची फीत ताणली होती. त्यानं पोतंभर कॅसेटी त्यासाठीच जपून ठेवल्या होत्या, हे नंतर कळलं. वाऱ्यानं ती फीत गुणगुणते आणि पाखरं बिचकतात. आमच्या भागात वाढलेल्या कुठल्याही माणसाला तो आवाज माहीत असतो. मलाही माहीत होता.

मी माझ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. सर त्या वेळी मोसंबीच्या बागेपलीकडं दुसऱ्या जोडीजवळ होते. वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला, “काका, निघाले.”

“ये.”

यंत्र शेतावरून सरळ येत होतं. ज्वारी वाऱ्यानं दोन्हीकडं दबत होती. पहिला पट्टा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला ते माझ्या उजवीकडं सरकलं आणि मला दिसेनासं झालं. आवाज स्वच्छ होता, एकसारखा.

“काका, पुढं?”

“मोकळं.”

“कोपऱ्यापर्यंत जाऊ का?”

“मोकळं.”

दुसऱ्या वेळी मी मान वळवलीसुद्धा नाही. एका मोटरीचा आवाज घशात काही अडकावं तसा घरघरला, बाकीच्यांचा एकदम चढला, आणि ज्वारीत काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. मी वळून बघेपर्यंत वर आभाळ रिकामं होतं.

ती धावत आली, तिच्या मागं वडील, डबा हातातच. कणसं मोडून यंत्र उताणं पडलं होतं. एक पाय तुटलेला, दोन पंखे गेलेले, आणि मोटरीच्या दांड्याला काळी फीत रिळासारखी गुंडाळलेली. ती खाली बसली आणि बॅटरीची तार आधी सोडवली, शिकवलं होतं तसं. मग तिनं फितीचं टोक बोटात धरून वर बांबूपर्यंत बघितलं. मग माझ्याकडं. वडिलांनी विचारलं, “कुणाला लागलं तर न्हाई ना?” कुणाला लागलं नव्हतं.

सर आले. विभागाचा नियम असा की कारणांची चर्चा शेतात करायची नाही, दुसऱ्या दिवशी कार्यालयात करायची. आम्ही यंत्र पोत्यात घालून जीपमध्ये ठेवलं. त्या दिवशी चहा कोणी घेतला नाही. जीपमध्ये मी मनाशी वाक्य जुळवत होतो: सर, चूक माझी, मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. जालना येईपर्यंत ते तोंडपाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आणि मी सरांच्या कार्यालयात उभे होतो, टेबलावर दोन कागद होते. एक माझ्या सहीचा अडथळ्यांचा, दुसरा माझा वैद्यकीय फॉर्म, फाईलमध्ये उघडाच. सरांनी तो मुद्दाम ठेवला नव्हता, सगळ्यांच्याच फाईली तिथं असतात. पण मला तो दिसला. मला वाटलं, आता डोळ्याचं बोललो तर शिक्का खोटा ठरेल, नाव काढून टाकतील, आणि मी परत दुकानात बसून लोकांना सांगत फिरेन की मला कशामुळं काढलं. सर म्हणाले, “काका, यंत्राच्या नोंदीत उंची बराबर आहे, वेग बराबर आहे. तुम्ही काय इशारा दिला होता?”

मी म्हणालो, “वारा लई होता सर. तिला नीट ऐकू आलं नसंल.”

तेवढंच. मी ‘थांब’ म्हणालो होतो असं मी कधीच म्हटलं नाही. त्या वाक्यात कुठं बोट ठेवून खोटं दाखवावं अशी जागा नाही, म्हणूनच ते मी निवडलं. सरांना जे समजायचं ते समजलं. यंत्राच्या नोंदीत माणसाचा आवाज नसतो. त्यांनी तिला विचारलं, “काकांचा इशारा तुला ऐकू आला नाही?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलाच्या कडेकडं बघत होतो.

“हां सर,” ती म्हणाली. “नसंल ऐकू आलं.”

इशारा न पाळता उड्डाण चालू ठेवलं तर त्या सत्रापुरतं उड्डाण बंद, आणि घरी पत्र, असा नियम होता. पत्र गेलं. ती थोडे दिवस वर्गात आली, पुढं नाही, मागच्या बाकावर बसली. मी एकदा थर्मास घेऊन तिच्याजवळ गेलो. ती म्हणाली, “आज रोजा हाय काका.” रोज्यांना अजून अवकाश होता, मलाही माहीत होतं. त्यानंतर ती यायची थांबली. हजेरीत तिचं नाव पुकारलं जायचं आणि कोणीतरी म्हणायचं, “तीर्थपुरीला गेली.”

मला दुसरा जोडीदार मिळाला. मी युक्तीनं जास्त वेळ उडवायचं काम घेतलं, बघ्याचं टाळलं, आणि सत्राच्या शेवटी उड्डाणाची परीक्षा पास झालो. घरी बायकोनं शिरा केला. मी दोनदा मागून खाल्ला, हे मला आठवतं. स्वतःला मी सांगत होतो की पोरीचं एक सत्रच गेलंय, ती येईल. शिंप्याच्या घरात आज ना उद्या लग्नाचं निघणारच होतं. माझ्यामुळं असं काही झालेलं नाही. माणूस स्वतःशी किती वेळ बोलू शकतो याचा मला अंदाज नव्हता.

जूनमध्ये पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आले. सरांनी मला वर्गात बोलावलं, जुना विद्यार्थी म्हणून यंत्र उघडून दाखवायला. मी टेबलावर स्क्रू काढत होतो आणि सर फळ्यावर उडवणारा आणि बघ्या यांची जागा काढून दाखवत होते. त्यांनी सांगितलं, “गेल्या वर्षी आपल्याच एका विद्यार्थिनीनं निरीक्षकाच्या इशाऱ्याकडं लक्ष दिलं नाही. त्याचं काय झालं बघा.” आणि त्यांनी कपाटातून ती मोटर काढली, काळी फीत अजून तशीच गुंडाळलेली. एक पोरगा मागून म्हणाला, “पोरी कुणाचं ऐकतात का सर.” सगळा वर्ग हसला. सरांनी त्याला दटावलं. मोटर बाकांवरून फिरत फिरत माझ्याकडं आली. मी ती हातात घेतली आणि पुढच्या बाकावर दिली.

शनिवारी मी एसटीनं तीर्थपुरीला गेलो.

बाजाराच्या गल्लीत दुकान शोधायला वेळ लागला नाही. ते मशीनवर होते. ती आतल्या बाजूला पाटावर बसून काजं करत होती. मला बघून तिचे हात थांबले. मास्तर म्हणाले, “या. बसा.” आणि मशीन चालूच ठेवलं.

मी बसलो. म्हणालो, “मास्तर, त्या दिवशीचं तुम्हाला सांगायला आलो. मी तिला थांब म्हटलं नव्हतं.”

“मला माहीत हाय,” ते म्हणाले. मशीन थांबलं नव्हतं. “मी तिच्या बाजूलाच उभा होतो, भाऊ. डबा घेऊन. तुमचा आवाज तिच्या वॉकीटॉकीतून मीबी ऐकला. मोकळं म्हणले. दोनदा.”

त्यांनी सुईखालचं कापड पुढं सरकवलं.

“मंग घरी कागद आला. त्यात लिवलं होतं, पोरीनं इशारा ऐकला न्हाई. मी हिला विचारलं, हे काय? तर ही म्हणते, जाऊ द्या अब्बा, काका बुजुर्ग हायेत.” आता त्यांनी पाय उचलला. “यंत्र पडलं म्हणून मी बंद न्हाई केलं तिचं. पडतंय ते, लोखंडच हाय. जिथं माझ्या पोरीला दुसऱ्यासाठी झूट बोलावं लागतं, तिथं कामून पाठवू? आणि ज्याच्या भरोशावर पाठवली होती, तोच.” ते तेवढ्यावरच थांबले.

मी डोळ्याचं सांगितलं. नोझलचं, तक्त्याचं, सगळं. ते ऐकत राहिले. ती मात्र काजाकडं बघत म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“डोळ्याचं. तुमचा चहा नेमी कपाच्या बाहेर पडायचा काका. पहिल्या दिवशी माझ्या हातावर पडला होता. त्याच्यानंतर मी कप टेकवूनच धरत होते. चक्कर मारायला पण त्याच्यामुळंच येत होते.” मग म्हणाली, “त्या दिवशी न्हाई आले.”

वडील तिच्याकडं वळले. “तुला माहीत होतं, आणि मला सांगितलं न्हाई?”

“सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं.”

बाहेर एक गिऱ्हाईक पँटची उंची कमी करायची म्हणून आलं, मास्तरांनी त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. मग मला विचारलं, “हे तुम्ही कॉलेजात सांगितलं का?”

“न्हाई. आधी तुमच्याकडं आलो. माफी मागायला.”

“उलटं केलं तुम्ही. माफी मला नको. मी काय करू तिचं? आधी तिथं जायचं होतं.” त्यांनी मापाची वही उघडली, मागचं कोरं पान काळजीपूर्वक फाडलं आणि पेनासहित माझ्यापुढं ठेवलं. “लिवा.”

मी कापायच्या टेबलावर वाकून लिहिलं. लिहून झाल्यावर तिनं ते वाचलं. म्हणाली, “हे काय लिवलं, ‘नजरचुकीनं इशारा देण्यात कसूर झाली’? असं नका लिवू. सर परत काहीतरी दुसरंच समजतील. मोकळं म्हणालो, दोनदा, न बघता, असं लिवा. आणि अडथळ्याचा कागद तुम्ही एकट्यानं भरला ते. आणि मला माहीत होतं तेबी लिवा.”

“ते कशाला?”

“खरं हाय म्हणून.”

मी पुन्हा लिहिलं. दुसरं पान फाडावं लागलं.

सोमवारी सरांनी ते पत्र दोनदा वाचलं. पानाच्या कडेला कुणाच्या तरी कमरेचं माप राहून गेलं होतं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “काका, हे त्या दिवशी बोलला असता तर मला पाच मिनिटं लागली असती. आता त्या वर्गातल्या सगळ्यांना मी काय सांगून बसलोय ते माहीत आहे ना?” मी म्हणालो, मी स्वतः सांगतो. आणि सांगितलं, पहिल्या वर्षाच्या वर्गात फळ्याजवळ उभा राहून. या वेळी कोणी हसलं नाही. ज्या पोरानं विनोद केला होता तो खिडकीबाहेर बघत राहिला.

माझी उड्डाणाची परीक्षा रद्द झाली. तक्रार पुढं पाठवायची की नाही यावर विभागात बरीच चर्चा झाली म्हणतात. शेवटी मला दुरुस्तीच्या विषयांवर पदवी पूर्ण करायची मुभा दिली आणि उड्डाणाच्या मैदानावर बंदी. तिला माहीत असून ती बोलली नाही म्हणून तिलाही ताकीद मिळाली, लेखी. ती मागच्या तुकडीबरोबर परत बसली, वर्ष गेलंच. पहिले काही सराव तिचे वडील दुकान बंद ठेवून स्वतः येत होते. जीपच्या मागं मोटारसायकल. माझ्याशी बोलायचे, दुरुस्तीच्या शेडाच्या दारातून मान हलवायचे आणि पुढं जायचे. ‘भाऊ’ म्हणायचे नाहीत.

आता मी शेडात बसतो. पडलेली, धडकलेली यंत्रं माझ्याकडं येतात. ती मोटर मी सोडवली, फीत कापून काढली. आवाज अजून चांगला आहे तिचा.

ती सरावावरून आली की कधीकधी शेडात डोकावते, यंत्राची काही तक्रार असेल तर सांगते. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा खाली बसली. मी थर्मास उघडला. तिनं कप पुढं केला, पण टेकवला नाही. वीतभर अंतरावर, एका हातात धरून ठेवला, आणि वाट बघत राहिली. मी थर्मास तिरका केला, थांबलो, पुन्हा सरळ केला. ती काही मदत करत नव्हती.

“बेटा, कप जवळ आण,” मी म्हणालो. “मला दिसत न्हाई.”

तिनं आणला.